छावणीचे तीन क्वार्टरबॅक

जर्मनीत नोकरी केली म्हटलं की ऐकणारा मोटारीचा कारखाना गृहीत धरतो. बॉबलिंगेनला राहत होतो म्हटलं की त्याची खात्रीच पटते, कारण शेजारीच मोटारींचा मोठा कारखाना आहे. मी कारखान्यात एक दिवसही काम केलेलं नाही. आमच्या घरापासून सायकलने जाण्याच्या अंतरावर अमेरिकन सैन्याची एक छावणी होती. तिथल्या फुटबॉल संघाचे सराव आणि सामने फिल्मवर घ्यायचे, ती फिल्म धुवायची, कापायची, जोडायची आणि कोचला दाखवायची, ही माझी नोकरी. एवढं सांगितलं की समोरचा "अस्सं" म्हणतो आणि विषय बदलतो. म्हातारा काहीतरी लपवतोय असं त्याला वाटत असावं.

मी मूळचा कोल्हापूरचा. तिथल्या एका स्टुडिओच्या लॅबमध्ये फिल्म धुवायला शिकलो. पुढे कॅमेऱ्याचं काम शिकायला श्टुटगार्टला आलो. शिक्षण संपल्यावर परत जाण्याआधी सहा महिने म्हणून छावणीच्या फोटो-लॅबमध्ये चिकटलो, ते पंधरा वर्षं राहिलो. गजानन हे नाव अमेरिकनांच्या तोंडात मावेना, म्हणून पहिल्याच आठवड्यात मी 'गॅज' झालो. घरमालकीण फ्राऊ केरर मात्र शेवटपर्यंत 'हेर खांबेटे', म्हणजे श्रीयुत खांबेटे, म्हणत राहिली.

हा फुटबॉल आपला पायाने खेळायचा नव्हे. चेंडू लांबट, सोललेल्या नारळासारखा, आणि बहुतेक काम हाताचं. अकरा-अकरा गडी समोरासमोर वाकून उभे राहतात. चार प्रयत्नांत दहा यार्ड पुढे सरकलात तर चेंडू तुमच्याकडे राहतो, नाहीतर समोरच्यांना मिळतो. जवळजवळ प्रत्येक प्रयत्न एकाच माणसाच्या हातून सुरू होतो, तो क्वार्टरबॅक. पुढचा वाकलेला गडी पायांमधून चेंडू मागे याच्या हातात देतो, आणि समोरचे चार-पाच रेडे याच्या अंगावर सुटतात. अडीच-तीन सेकंदांत याने ठरवायचं, चेंडू शेजारच्याच्या पोटात द्यायचा, लांब पळणाऱ्याकडे फेकायचा, की स्वतःच घेऊन पळायचं. शिवाय आमच्या काळी डाव कोणता खेळायचा हेही बहुतेक वेळा तोच सांगायचा. मैदानावर सगळे घोळका करून उभे राहत, हा बोले आणि बाकीचे दहा ऐकत. म्हणून हंगाम सुरू होण्याआधी प्रत्येक कोचच्या डोक्यात एकच घोळ चालू असतो, की क्वार्टरबॅक कोणाला करायचं.

माझी जागा मैदानाच्या कडेला, मध्यरेषेसमोर उभ्या केलेल्या लोखंडी पाइपांच्या मचाणावर. तिथून बावीसच्या बावीस जण दिसायला हवेत. त्यामुळे माझ्या फिल्ममध्ये चेहरा कुणाचाच नीट दिसत नसे, हेल्मेट कुठे वळलंय तेवढं कळे. एकदा एक धिप्पाड गडी लॅबमध्ये आला. त्याचं काम दर वेळी ढिगाऱ्याच्या तळाशी असायचं. म्हणाला, "गॅज, आई लिहिते की तू खेळतोस याला पुरावा काय. एकदा तरी माझं तोंड दाखव." पुढच्या मॅचला मी मुद्दाम कॅमेरा त्याच्यावर नेला, तर नेमका तो थुंकत होता. तेवढाच तुकडा मी त्याला कापून दिला आणि त्याने तो आनंदाने घरी पाठवला.

पण मला सांगायचंय ते बर्लिनमध्ये भिंत उभी राहिली त्या वर्षीचं.

आमचा कोच होता कॅप्टन हॉलिस. कोल्हापूरच्या तालमीतले वस्ताद मी लहानपणापासून पाहिले होते, त्यामुळे मला तो परका वाटला नाही. आवाज मोठा, शाबासकी कंजूष, आणि पोरांच्या जेवणावर डोळा. जुलैच्या शेवटी त्याने मला बोलावलं.

"गॅज, माझ्याकडे तीन क्वार्टरबॅक आहेत. म्हणजे एकही नाही," तो म्हणाला. "तिघांचा प्रत्येक चेंडू मला फिल्मवर हवा. सरावातला सुद्धा. तुझं मत नकोय, फिल्म हवी."

ते तिघे असे. पहिला लेफ्टनंट क्रेग, चोवीस वर्षांचा, कॉलेजात नाव कमावून आलेला. त्याचा हात म्हणजे गोफण. कर्नलसाहेबांनी त्याला कॉलेजात खेळताना पाहिलं होतं आणि ते सगळ्यांना सांगत असत. दुसरा सार्जंट डोब्रोव्स्की, कोळशाच्या खाणीच्या गावचा, वय चौतीस. चार हंगाम त्यानेच संघ चालवला होता. त्याला समोरच्याचा डाव आधी कळायचा, पण चेंडू तीस यार्डांपलीकडे जात नसे आणि दोन्ही गुडघे पट्ट्यांनी बांधलेले. तो म्हणायचा, "माझं डोकं नाताळपर्यंत टिकेल. गुडघ्यांचं त्यांना विचारा."

तिसरा ओटिस मेबरी. बावीस वर्षांचा साधा शिपाई, ट्रक चालवायचा. जॉर्जियाचा, कृष्णवर्णीय, कमी बोलणारा. सरावात दोघांचे हात दुखले की त्याला फेकायला बोलवायचे, एरवी तो लांब पळून चेंडू झेलणाऱ्यांत, तोही राखीव. घरी बायकोला दिवस गेलेले, आणि सप्टेंबरअखेर त्याची जर्मनीतली मुदत संपणार होती.

मी दोन आठवडे फिल्म घेतली. फिल्ममध्ये एका सेकंदाला चोवीस चौकटी असतात. चेंडू हातात आल्यापासून सुटेपर्यंत किती चौकटी गेल्या हे मोजलं की माणूस किती वेळ घेतो ते कळतं, घड्याळाची गरज नाही. हे मोजायला वेळ लागतो आणि लॅबमध्ये दिवसभर दुसरी कामं असत, म्हणून मी रिळं घरी आणायचो. माझी बायको सुमन लग्नाआधी सांगलीला मुलींच्या शाळेत गणित शिकवायची. जर्मनीत येऊन तिला वर्ष झालं होतं आणि मोजायला काही मिळालं नव्हतं. स्वयंपाकघरातल्या टेबलावर हाताने फिरवायचं छोटं दर्शक यंत्र मांडून ती चौकटी मोजायची आणि वहीत लिहायची. फुटबॉल म्हणजे काय हे तिला माहीत नव्हतं आणि जाणून घ्यायची इच्छाही नव्हती.

एका रविवारी दुपारी ती म्हणाली, "अहो, जरा इकडे या. हा तिसरा फेकतो ना, तो फेकायच्या आधी तिकडे बघतच नाही."

"कुठे?"

"जिथे फेकायचं तिथे. आधी डावीकडे बघतो, ते सगळे डावीकडे धावतात, मग हा उजवीकडे फेकतो. आणि तो तुमचा पहिला, गोरा उंच, तो सुरुवातीपासून एकाच माणसाकडे टक लावून बघतो. म्हणून तर मधला कुणीतरी येऊन पळवतो. चौकटीही जास्त घेतोय तो."

मी यंत्र फिरवून पुन्हा पाहिलं, पुढे मागे चार वेळा. बाई म्हणत होती ते खरं होतं. दोन आठवडे मचाणावरून मी तेच पाहत होतो आणि मला दिसलं नव्हतं.

तेवढ्यात फ्राऊ केरर दार न वाजवता आत आली. असं तिने कधी केलं नव्हतं. खाली रेडिओ चालू होता. "बर्लिनमध्ये काटेरी तारा घालताहेत," ती म्हणाली. "माझी बहीण पलीकडे, पूर्वेत लाइपझिगला आहे." सुमनने वही मिटली, तिला खुर्चीवर बसवलं आणि चहा टाकला. त्या दिवशी आम्ही पुढे मोजलं नाही.

छावणीत पुढचे काही दिवस सराव बंद होता. ट्रक भरून ठेवलेले, सगळ्यांच्या रजा रद्द. फुटबॉलचं नाव कोणी काढेना. मग हळूहळू दुपारचा सराव सुरू झाला आणि हॉलिसने मला वहीसकट बोलावलं. फिल्मही पाहिली. प्रोजेक्टरचा लिव्हर मागे ओढून एकच फेक सहा-सहा वेळा पाहायची त्याला सवय होती. मेबरीची फेक त्याने दहा वेळा पाहिली असेल.

"हे मोजलं कोणी?"

"माझ्या बायकोने."

"तिला म्हणावं, तिची नजर माझ्या दोन्ही मदतनिसांपेक्षा चांगली आहे." मग त्याने दिवा लावला. "पण मेबरी सप्टेंबरला घरी जातोय. जाणाऱ्या माणसाभोवती मी संघ बांधू शकत नाही. बरोबर?"

"बरोबर," मी म्हणालो. कारण ते बरोबरच होतं.

थोड्याच दिवसांत वरून हुकूम आला. बर्लिनच्या भानगडीमुळे मुदत संपत आलेल्या सैनिकांना घरी सोडायचं नाही, आणखी काही महिने इथेच ठेवायचं. मेबरीचं नाव त्या यादीत होतं. त्या संध्याकाळी तो ट्रकच्या पायरीवर एकटा बसलेला मला दिसला. मी सायकलवरून उतरलो, पुन्हा चढलो आणि तसाच पुढे गेलो.

दुसऱ्या दिवशी मी आपणहून हॉलिसकडे गेलो. आयुष्यात वरिष्ठाकडे न बोलावता जाण्याचा तो माझा पहिला प्रसंग. सुमनने आदल्या दिवशी जेवताना विषय काढला होता. मी म्हणालो होतो, माझं मत कोणी विचारलेलं नाही. ती म्हणाली, "आमच्या शाळेत असंच चालायचं. वर्गात हुशार कोण ते सगळ्यांना माहीत असायचं, आणि वर्गप्रमुख कोणाची मुलगी होणार तेही. मी गप्प बसायचे, कारण मला कोणी विचारायचं नाही. तुम्ही निदान सांगून तरी या."

मी म्हणालो, "कॅप्टन, मेबरी आता राहतोय."

"माहीत आहे."

"मग तो चालेल ना?"

हॉलिस टेबलावरचे कागद सारखे करू लागला. "गॅज, घोळक्यात एक शिपाई डाव सांगणार आणि लेफ्टनंटांनी ऐकायचं. कसं दिसेल ते?"

"मागच्या वर्षी सार्जंट सांगायचे आणि दोन लेफ्टनंट ऐकायचे."

खरं कारण मेबरीचा रंग, हे आम्हा दोघांनाही ठाऊक होतं आणि दोघांपैकी कोणीही ते तोंडातून काढलं नाही. शेवटी तो म्हणाला, "कर्नलसाहेबांना उद्या दुपारी क्रेग दाखवायचाय. त्याच्या चांगल्या फेकी काढ आणि एक रीळ बनव. वाईट काही नको त्यात."

मी बनवलं. इथे मला काही सबब सांगायची नाही. हुकूम होता हे खरं, सुमनच्या पोटात आमचा मोठा मुलगा होता आणि नोकरी जाण्याची भीती होती हेही खरं. पण ते रीळ मी मन लावून बनवलं, हेही तितकंच खरं. फिल्म खरवडायची, सोल्युशन लावायचं, दाबून धरायचं, की सांधा दिसत नाही. आपल्या हातात कसब असलं की ते वाईट कामातही नीट चालतं. अकरा फेकी मी अशा लावल्या की छोटीपासून सुरू होऊन शेवटी मैदानाच्या टोकाला जाणारी यावी. कर्नलसाहेब खूश झाले. "हा आपला माणूस," म्हणाले, आणि जाताना माझ्या पाठीवर थाप मारली.

पहिला सामना आम्ही हरलो. क्रेगच्या फेकी समोरच्यांनी वाटेत पळवल्या, सुमनने सांगितलं होतं अगदी तशाच. दुसऱ्या सामन्यात अर्ध्यावर हॉलिसने डोब्रोव्स्कीला आत पाठवलं. त्याने डोकं वापरून दोन वेळा चेंडू पार टोकाला नेला, आणि तिसऱ्या खेपेला त्याचा उजवा गुडघा गेला. स्ट्रेचरवर आडवा असतानाही तो ओरडून डाव सांगत होता. तो सामनाही गेला.

सोमवारी लॅबचं दार वाजलं. दारात लेफ्टनंट क्रेग एकटाच.

"मला सगळं बघायचंय," तो म्हणाला. "कर्नलसाहेबांना दाखवलंस ते नको. सगळं."

मी ऑगस्टपासूनच्या त्याच्या फेकी लावल्या, चांगल्या-वाईट जशा होत्या तशा. तो हाताची घडी घालून बघत होता. अर्ध्या तासाने म्हणाला, "आता मेबरीच्या लाव." मी त्याही लावल्या. मेबरीची एक फेक बघून तो स्वतःशीच हसला आणि म्हणाला, "डोळ्यांनी फसवतोय. बघ, डोळ्यांनी." मग टोपी घालून निघून गेला.

तो तिथून थेट हॉलिसच्या खोलीत गेला हे मला नंतर डोब्रोव्स्कीने हॉस्पिटलच्या खाटेवरून सांगितलं. काय बोलणं झालं ते ठाऊक नाही. एवढंच कळलं की क्रेगने स्वतःची जागा सोडली आणि कर्नलसाहेबांना मी सांगतो म्हणाला. मला त्या पोराबद्दल आदर वाटला आणि स्वतःची लाजही वाटली. जे मी अर्धवट बोलून सोडून दिलं होतं, ते त्याने पुरतं बोलून दाखवलं, आणि त्यात नुकसान त्याचं होतं.

हॉलिसने मेबरीला विचारलं. मेबरी लगेच हो म्हणाला नाही. तो आधी माझ्याकडे आला.

"मिस्टर गॅज, तुमच्याकडे माझी फिल्म आहे म्हणतात."

मी लावली. सराव, दोन-तीन किरकोळ सामने, सगळं. स्वतःला तो पहिल्यांदाच पाहत होता. मला वाटलं खूश होईल. पण तो चुका शोधत होता. "हा पाय बघा. डावा पाय उशिरा पडतोय." मग पुन्हा, "इथे मी घाबरलोय." शेवटी दिवा लागल्यावर त्याने विचारलं, "हे तुम्ही ऑगस्टमध्ये पाहिलं होतं?"

"हो."

"सांगितलंत कोणाला?"

"कोचना सांगितलं. मग त्यांनी लेफ्टनंटचं रीळ बनवायला सांगितलं, ते बनवून दिलं."

तो रागावला नाही. रागावला असता तर मला सोपं गेलं असतं. "मला मुलगी झालीय," तो म्हणाला. "गेल्या बुधवारी. मी इथे आहे. आता मी फेकायचं की नाही ते सांगा."

"ते मी कसं सांगू?"

"नाही, तुम्हीच सांगा. इतके दिवस बघताय."

मी म्हणालो, "फेक. या छावणीत तुझ्यासारखा दुसरा नाही."

त्याने मान हलवली. "हे ऑगस्टमध्ये ऐकायला आवडलं असतं," एवढंच बोलून तो गेला.

पुढच्या सामन्यात पहिल्याच घोळक्यात मी कॅमेरा सुरू ठेवला. खरं तर तेव्हा फिल्म वाचवायची असते. दहा माणसं वाकून ऐकताहेत, त्यांत शेवटून दुसरा लेफ्टनंट क्रेग, हॉलिसने त्याला झेलणाऱ्यांत घातलेला, आणि मध्ये मेबरी बोलतोय. दोन-तीन गडी पहिल्या डावात मुद्दाम रेंगाळले हे मला वरून स्पष्ट दिसलं. पाइप घेऊन खाली उतरावं असं वाटलं. मेबरीने तिसऱ्या प्रयत्नाला डावीकडे बघितलं, सगळे डावीकडे धावले, आणि उजवीकडे क्रेगच्या छातीवर चेंडू येऊन पडला. त्यानंतर कोणी रेंगाळलं नाही.

आम्ही लागोपाठ चार सामने जिंकलो. शेवटचा चिखलात हरलो, एका गुणाने. कर्नलसाहेब त्यांतल्या पहिल्या दोन सामन्यांना आले नाहीत, तिसऱ्याला आले आणि सगळ्यांना सांगत सुटले की या मेबरीला आपण पहिल्यापासून हेरलं होतं. हॉलिसने मला त्या रिळाबद्दल कधी काही म्हटलं नाही. ख्रिसमसला मात्र त्याने सुमनसाठी एक स्टॉपवॉच पाठवलं. ती म्हणाली, "याचं मी काय करू?" आणि पुढे अंडी उकडायला वापरलं.

लोकांना वाटतं, या गोष्टीत मी बरोबर होतो. मी फिल्म घेतली, सुमनने मोजलं, तिथपर्यंत बरोबरच होतो. पण क्वार्टरबॅक निवडणं म्हणजे नुसतं कोण चांगलं फेकतो हे ओळखणं नसतं, ते तर आमच्या स्वयंपाकघरात बसून एका बाईने ओळखलं होतं. ते मोठ्याने म्हणायला कोण तयार आहे, तिथे अडतं. पहिले दोन सामने आम्ही हरलो त्यात माझ्या त्या सुंदर रिळाचाही वाटा होता.

नवं वर्ष उजाडल्यावर मेबरीची सुटका झाली. जायच्या आदल्या दिवशी तो लॅबमध्ये आला. मुलीचा फोटो दाखवला, टकली, मूठ आवळलेली. मग म्हणाला, "मिस्टर गॅज, घरी दाखवायला थोडी फिल्म मिळेल?"

ती सरकारी मालमत्ता होती. पण लॅबमध्ये जुन्या तुकड्यांची टोपली असते आणि तिचा हिशेब कोणी ठेवत नाही. मी म्हणालो, "चारही विजय काढून देतो. चांगल्या फेकी निवडतो."

"तेवढंच नको. आधीचे दोन सामने पण द्या."

"त्यात तू कुठे आहेस? तू तर बाकावर होतास."

"बाक दिसतो ना?"

दिसत होता. फिल्म संपत आली की उरलेले फूट-दोन फूट मी बाकाकडे वळवायचो. मांडीवर हेल्मेट घेऊन तो तिथे बसलेला होता, चारपाच ठिकाणी तरी.

"तेही जोडा," तो म्हणाला. "आमच्या घरी सगळ्यांना कळू दे."

मी दुपारभर बसून जोडलं. तो शेजारी स्टुलावर बसून होता. मध्ये एकदा मी विचारलं, विजय आधी लावू आणि बाक शेवटी ठेवू का, म्हणजे बघणाऱ्यांना बरं वाटेल.

"नाही," तो म्हणाला. "जसं झालं तसं."